वर्तमानपत्रावर खडा ठेवून हिरा कळत नाही

धनत्रयोदशी, पाडवा, लग्नसराई असं काही जवळ आलं की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. ‘हिरा घेताय? सराफ तुम्हाला हे कधीच सांगणार नाही’ अशा धर्तीचा. कधी तो लेखी असतो, तर कधी कुणीतरी तोच कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवतं. तपशील थोडे बदलतात, गाभा तोच राहतो: खरा हिरा घरच्या घरी ओळखता येतो; हॉलमार्क असला की काळजी मिटली; एका कॅरेटचा भाव कळला की बाकीचा हिशेब त्रैराशिकाने निघतो; घ्यायचा तर ‘डी कलर, व्हीव्हीएस’ (रंगाची आणि शुद्धतेची वरची प्रत) असलेलाच घ्यावा; सर्टिफिकेट असलं की तेवढी किंमत जगात कुठेही मिळते; लॅबमधला हिरा म्हणजे काच; आणि हिऱ्याचा भाव कधी उतरत नाही.

माझी नोकरीची बरीच वर्षं मुंबईत हिऱ्यांच्या असॉर्टिंगमध्ये गेली. आधी ऑपेरा हाउसला, आणि बाजार बांद्रा-कुर्ला संकुलात हलला तेव्हा तिथे. दिवसभर लूप (दहापट मोठं दाखवणारं भिंग) आणि चिमटा हातात धरून खडे प्रतीनुसार वेगळे करायचे, हे ते काम. या मजकुरावर विसंबून लोक लाख-दीड लाखाचा दागिना घेतात आणि मोडायला गेल्यावर हादरतात, म्हणून त्यातला एकेक दावा घेऊन उत्तर द्यावंसं वाटलं.

मजकुरातला मूळ घोटाळा असा, की तीन निरनिराळे प्रश्न त्यात एकत्र कालवले आहेत. हा खडा हिरा आहे का? असला तर कुठल्या प्रतीचा? आणि त्याला पैसे किती मोजायचे? पहिल्याचं उत्तर उपकरणं देतात, दुसऱ्याचं सरावलेला डोळा देतो आणि तिसऱ्याचं बाजार देतो. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला जोडलं की फसगत ठरलेली.

‘वर्तमानपत्रावर ठेवा, फुंकर घाला, पाण्यात टाका, हातोडी मारा’

वर्तमानपत्राची कसोटी ऐकायला शास्त्रीय वाटते. हिऱ्याचा अपवर्तनांक 2.417 आहे, म्हणजे तो प्रकाश खूप वाकवतो. त्यामुळे नीट घाटाचा (म्हणजे नीट पैलू पाडलेला) गोल हिरा पालथा ठेवला तर खालची अक्षरं त्यातून वाचता येत नाहीत, इथपर्यंत खरं. पण हा गुण घाटावर अवलंबून असतो. घाट उथळ असेल तर अस्सल हिऱ्यातूनही खालचं दिसतं. जुन्या दागिन्यांतली पोलकी किंवा रोझ कटचे चपटे खडे कोंदणातून काढून कागदावर ठेवले, तर ही कसोटी आजीच्या खऱ्या हिऱ्यांनाच खोटं ठरवील. आणि मॉयसनाइट नावाचा जो खडा हिरा म्हणून खपवला जातो, त्याचा अपवर्तनांक हिऱ्यापेक्षाही जास्त, सुमारे 2.65. तो या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवतो.

पाण्याचं तर विचारूच नका. ‘खरा बुडतो, खोटा तरंगतो’ म्हणे. हिरा पाण्याच्या साडेतीन पट जड आहे, काच सुमारे अडीच पट, मॉयसनाइट तीन पटींहून अधिक आणि आपण ज्याला अमेरिकन डायमंड म्हणतो ते क्यूबिक झिर्कोनिया साडेपाच पटींहूनही अधिक. सगळे तळाशी जाणार.

फुंकर मारल्यावर खऱ्या हिऱ्यावरची वाफ चटकन उडते, कारण हिरा उष्णता फार वेगाने वाहून नेतो. दुकानातलं पेनासारखं टोकदार टेस्टर याच गुणावर चालतं. मात्र मॉयसनाइटही उष्णता चांगली वाहून नेतं, त्यामुळे केवळ उष्णता मोजणारं साधं टेस्टर त्यालाही हिरा म्हणतं. लूपखाली मात्र मॉयसनाइटच्या मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्याच्या दिसत नाहीत. सरावलेल्या माणसाला हे क्षणात कळतं. फुंकर मारणाऱ्याला कधीच कळणार नाही.

हातोडीचा भाग सगळ्यांत घातक. ऐरणीवर ठेवून घण मारला तरी वाचतो तो खरा हिरा, असं आपण अभंगात लहानपणापासून ऐकत आलो. तिथे हिरा संताच्या सहनशीलतेसाठी आला आहे, खडा पारखण्याची रीत म्हणून नव्हे. कठीण असणं म्हणजे ओरखडा न पडणं; त्या मापनात हिरा सगळ्यांच्या वर, मोसच्या श्रेणीवर 10. घाव सोसणं हा वेगळा गुण. हिऱ्याच्या स्फटिकात अशा चार दिशा आहेत, जिथे योग्य जागी टोला बसला तर तो स्वच्छ दुभंगतो. कारागीर याच गुणाचा उपयोग करत आले. 1905 साली दक्षिण आफ्रिकेत सापडलेला 3,106 कॅरेटचा कलिनन 1908 मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये जोसेफ ॲशर यांनी पातं लावून टोला मारूनच फोडला. ज्या टोल्याने जगातला सर्वांत मोठा हिरा दुभंगला, त्या टोल्याने आपल्या अंगठीतला खडा वाचेल असं सांगणाऱ्याने कुणाचं किती नुकसान केलं असेल, याचा विचार करवत नाही.

घरच्या घरी हिरा ओळखण्याची खात्रीची रीत नाही. खडा तपासून हवा असेल तर प्रयोगशाळेत द्यावा.

‘हॉलमार्क आहे, मग चिंता नाही’

हॉलमार्क सोन्याचा असतो. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, या तिन्ही खुणा मिळून एवढंच सांगतात की दागिन्यातलं सोनं अमुक कसाचं आहे. हिऱ्याच्या दागिन्यावर बहुधा 18 कॅरेटसाठी 750 असा आकडा दिसेल. त्यात बसवलेला खडा हिरा आहे, काच आहे की आणखी काही, याबद्दल हॉलमार्क एक शब्दही बोलत नाही.

याला जोडून एक गोष्ट सांगते, कारण पैसा इथेही झिरपतो. सोन्याचा कॅरेट म्हणजे कस, हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन; एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम. दागिन्यात दोन कॅरेटचे खडे असतील तर एकूण वजनातले 0.4 ग्रॅम खड्यांचे. ते वजा न करता सोन्याचा भाव लावला, तर खड्यांचे पैसे हिऱ्याच्या भावाने दिलेले असतातच, वर सोन्याच्या भावानेही दिले जातात. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर सोन्याचं निव्वळ वजन लिहिणं सराफाला बंधनकारक आहे. ते लिहिलंय का, ते बघा.

‘एक कॅरेटचा भाव माहीत असला की बाकी हिशेब सोपा’

सोन्याचं गणित हिऱ्याला लावलं की पहिली ठेच इथे लागते. दहा ग्रॅम सोन्याचा जो भाव, त्याचा निम्मा पाच ग्रॅमचा. हिऱ्यात तसं नाही. एक कॅरेटचा एक खडा आणि पाव-पाव कॅरेटचे चार खडे, प्रत अगदी तीच धरली तरी चार खडे मिळून खूप स्वस्त पडतात. मोठा कच्चा हिरा दुर्मीळ, म्हणून वजन वाढतं तसा दर कॅरेटमागचा भावही वाढत जातो.

हे आपल्याकडे पूर्वीपासून ठाऊक होतं. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत वीस तांदूळ वजनाच्या हिऱ्याची किंमत दोन लाख सांगितली आहे, आणि वजन दोन-दोन तांदळांनी उतरत जातं तशी किंमत त्याहून कितीतरी वेगाने कोसळताना दाखवली आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या रत्नपारख्याला जे कळत होतं, ते आजच्या फिरत्या मजकुराला कळत नाही याचं वाईट वाटतं.

आजचा बाजार या चढाला पायऱ्या पाडतो. भावाच्या यादीत 0.50 ते 0.69 हा एक गट, 0.70 ते 0.89 दुसरा, 0.90 ते 0.99 तिसरा, 1.00 ते 1.49 चौथा. त्यामुळे 99 सेंटचा (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग) आणि पूर्ण एक कॅरेटचा हिरा यांत डोळ्याला काहीही फरक दिसत नसताना भावात पायरी पडते. कारागिरावरही या पायरीचा दाब असतो. घाट चांगला ठेवायचा तर खडा 96 सेंटवर उतरणार, आणि पोट, म्हणजे खालचा भाग, थोडं जाड ठेवलं तर एक कॅरेट भरणार. अशा वेळी पुष्कळदा पोट जाड राहतं. नीट घाटाच्या एक कॅरेट गोल हिऱ्याचा व्यास साधारण साडेसहा मिलिमीटरच्या आसपास असतो. एखादा एक कॅरेटचा खडा जेमतेम सव्वासहा मिलिमीटर भरला, तर उरलेलं वजन खाली पोटात दडलेलं आहे. समोरून तो लहान दिसतो, प्रकाशही नीट परतवत नाही, आणि पैसे मात्र पूर्ण कॅरेटचे पडतात. म्हणून वजनाच्या बरोबरीने मिलिमीटर विचारायचे.

उलटही घडतं. कोहिनूर 1851 मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ठेवला तेव्हा तो त्या वेळच्या मापाने 186 कॅरेटचा होता, आणि बघायला आलेल्या लोकांना तो निस्तेज वाटला. पुढच्या वर्षी त्याला पुन्हा पैलू पाडले. उरला सुमारे 105.6 कॅरेट. त्या कामावर आजही वाद घालता येईल, आणि मला स्वतःला त्याचा जुना मुघल घाट गेल्याची हळहळ आहे. पण वजन म्हणजेच मोल असतं, तर कुणी इतकं वजन घासून टाकलं नसतं.

आपल्याकडच्या कुड्यांचं उदाहरण घ्या. सात-सात खड्यांच्या जोडीत चौदा खडे, प्रत्येक सुमारे 7 सेंटचा. एकूण भरतं जवळपास एक कॅरेट. दुकानात कुणी म्हणालं, ‘एक कॅरेटच्या कुड्या आहेत’, तर ते खोटं नाही. पण एकसंध एक कॅरेट हिऱ्याचा भाव या कुड्यांना लावणं सपशेल चूक. इतके लहान खडे एकेक करून प्रमाणित होत नाहीत. ते चाळणीने मापावर वेगळे होतात, मग रंग-शुद्धतेच्या गटांत लावले जातात आणि त्या गटाच्या भावानेच विकले जातात.

‘डी कलर, व्हीव्हीएस. बाकी सगळा हलका माल’

या एका वाक्याने मध्यमवर्गीयांचे जितके पैसे वाया घालवले, तितके दुसऱ्या कशाने घालवले नसतील. म्हणून इथे जरा थांबू.

आज जगभर चालते ती प्रतवारी अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेची. संस्था 1931 ची, रॉबर्ट शिप्ली यांनी स्थापलेली. प्रतवारीची पद्धत रिचर्ड लिडिकोट यांच्या काळात 1953 मध्ये बसली. त्याआधी बाजारात जो तो आपापल्या मालाला ए, डबल ए असली नावं ठेवत असे. त्या गोंधळाशी संबंध नको म्हणून नवी श्रेणी मुद्दाम डी पासून सुरू केली. डी म्हणजे रंगाचा लवलेश नाही, आणि पुढे झेडपर्यंत पिवळसर किंवा तपकिरी छटा हळूहळू वाढत जाते.

आता हा रंग बघतात कसा, ते लक्षात घ्या. खडा सुटा असतो, पालथा ठेवलेला, पांढऱ्या तबकात, ठरावीक प्रकाशात, आणि शेजारी तुलनेसाठी नमुन्याचे खडे. पालथा का, तर सरळ ठेवला की घाटातून परतणारा प्रकाश छटा झाकतो. म्हणजे ज्या अवस्थेत आपण हिरा बघतो, त्या अवस्थेत रंग नीट कळत नाही म्हणून पारखी तो उलटा करून बघतात! अंगठीत बसवलेला, समोरून बघितलेला जी किंवा एच रंगाचा चांगल्या घाटाचा हिरा बहुतेकांना शुभ्रच दिसतो. पिवळ्या सोन्याच्या कोंदणात तर आय-जे देखील खपून जातो, कारण भोवतीच्या सोन्याचा पिवळेपणा खड्यात उतरतोच. पिवळ्या सोन्याच्या मंगळसूत्राच्या वाट्यांसाठी डी रंगाचा आग्रह धरणाऱ्याने दुर्मीळपणाचे पैसे दिलेले असतात. दिसण्यात त्या पैशांचा मोबदला काही मिळत नाही.

झेडच्या पलीकडे तर गणितच उलटतं. रंग पुरेसा गडद झाला की तो दोष न राहता मोल होतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातली अर्गाइल खाण 2020 मध्ये बंद झाली तेव्हा तिच्यातल्या गुलाबी खड्यांसाठी जगभरचे संग्राहक झुरत होते. 59.60 कॅरेटचा ‘पिंक स्टार’ 2017 मध्ये हाँगकाँगच्या लिलावात 7 कोटी डॉलरच्या वर गेला. रंग नसणं म्हणजे श्रेष्ठ असा काही निसर्गाचा नियम नाही. ही दुर्मीळतेची मोजदाद आहे.

शुद्धतेचंही तसंच. वरून खाली एफएल (निर्दोष), आयएफ (आतून निर्दोष), मग व्हीव्हीएसच्या दोन पायऱ्या, व्हीएसच्या दोन, एसआयच्या दोन आणि आयच्या तीन, अशा एकूण अकरा. हे सगळं दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली ठरतं. व्हीव्हीएसची व्याख्याच अशी, की आतला दोष त्या भिंगातून कसलेल्या पारख्यालाही कष्टाने सापडतो. मग साध्या डोळ्याने तो दिसायचा प्रश्नच येत नाही. व्हीएसमधला दोषही नुसत्या डोळ्याला दिसत नाही, आणि एसआय 1 चे पुष्कळ खडे बघणाऱ्याला स्वच्छच वाटतात. व्हीएसच्या खाली मात्र खडा प्रत्यक्ष बघितल्याशिवाय घेऊ नये. कारण एकाच प्रतीत एका खड्यात पांढुरका ठिपका कडेला, नखीखाली झाकला जाईल असा असतो, आणि दुसऱ्यात काळा ठिपका नेमका मध्यभागी. कागदावर दोघांची प्रत तीच. पारखी माणूस दुसऱ्याला हातही लावणार नाही.

मजकुरात घाटाचा उल्लेखच नाही, आणि हे मला सगळ्यांत खटकलं. हिऱ्याचं जे तेज आपल्याला भुरळ घालतं, ते बहुतांशी माणसाच्या हातचं असतं. वरच्या आणि खालच्या पैलूंचे कोन ठीक असले तर आत गेलेला प्रकाश परत डोळ्याकडे येतो, चुकले तर खालून किंवा बाजूने गळून जातो. मार्सेल टोल्कोव्स्की यांनी 1919 मध्ये हे गणिताने मांडलं. तरीही जीआयएच्या अहवालात घाटाची एकत्रित प्रत 2006 पासूनच मिळू लागली, आणि तीही फक्त गोल ब्रिलियंटला. पेअर, ओव्हल, मार्कीज अशा आकारांना त्या अहवालात फक्त पॉलिश आणि सममितीचे शेरे असतात. तिथे डोळाच वापरावा लागतो. पैसे मर्यादित असतील तर माझा सल्ला असा राहील: गोल खड्यात घाट ‘एक्सलंट’ घ्या, रंग जी-एचपर्यंत उतरा, शुद्धता व्हीएसवर थांबवा. कॅरेट सगळ्यांत शेवटी ठरवा.

मजकुरात आणखी एक ओळ येते: अतिनील दिव्याखाली निळा चमकला तर हिरा खोटा. साधारण पाव ते एक तृतीयांश अस्सल हिरे कमी-अधिक चमकतात, आणि बहुतेक निळेच. तीव्र चमक असलेला एखादा खडा धुरकट दिसू शकतो, एवढंच बघून घ्यावं. बाजारात अशा खड्याला भाव कमी मिळतो, म्हणजे धुरकट नसेल तर घेणाऱ्याचा फायदाच.

‘सर्टिफिकेट आहे, म्हणजे किंमत पक्की’

जीआयएच्या अहवालावर किंमत छापलेली नसते. उलट हा कागद म्हणजे हमी किंवा मूल्यांकन नव्हे, असं संस्था स्वतःच त्यात सांगते. तो एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट पद्धतीने केलेल्या तपासणीचा अहवाल असतो. रंग आणि शुद्धता माणसं ठरवतात, एकमेकांचं मत न बघता ठरवतात, आणि मग ती मतं जुळवली जातात. खडा दोन पायऱ्यांच्या सीमेवर असेल तर पुन्हा दिल्यावर एक पायरी इकडे-तिकडे होऊ शकते. हे कुणाचं पाप नव्हे. जिथे नजर मोजते तिथे एवढी मोकळीक राहणारच.

फरक पडतो तो प्रयोगशाळेनुसार. एकच ‘जी, व्हीएस 1’ दोन ठिकाणी दोन अर्थांनी लिहिला जाऊ शकतो. 2014 मध्ये हिऱ्यांच्या रॅपनेट या व्यापारी संकेतस्थळाने ईजीएल या प्रयोगशाळेच्या अहवालांचे खडे यादीतून काढून टाकले, कारण त्यांची प्रत चढी लावल्याच्या तक्रारी होत्या. व्यापाऱ्याला हे पाठ असतं आणि तो भाव करताना आधी कागद कुणाचा आहे ते बघतो. गिऱ्हाइकाला सगळी सर्टिफिकेटं सारखीच वाटतात.

दागिन्यासोबत मिळणारं कार्ड आणि सुट्या खड्याचा अहवाल, यांतही जमीन-अस्मानाचं अंतर आहे. बसवलेला खडा सगळ्या बाजूंनी बघता येत नाही, तोलता येत नाही. कोंदण दाखवील तेवढंच बघून प्रत लिहिली जाते, वजन मापांवरून काढलेलं किंवा सराफाने सांगितलेलं असतं. ‘ईएफ, व्हीव्हीएस-व्हीएस’ असा शेरा वाचला की तो पट्टा समजावा. सगळे खडे वरच्या टोकाचे असतीलच असं नाही.

आणि अहवालात जे ठळकपणे येत नाही, त्यावर बाजारात पैसे कापले जातात. आमच्याकडे खडा मागताना ‘नो बीजीएम’ म्हणायची पद्धत आहे. ब्राउन नको, ग्रीन नको, मिल्की नको. दुधाळ खड्याची शुद्धता कागदावर व्हीएस असू शकते, फार तर शेऱ्यात ढगासारख्या दोषाचा एक बारीक उल्लेख सापडतो. प्रत्यक्षात खडा धुक्यातून बघितल्यासारखा वाटतो. असा खडा बघितल्यावर व्यापारी जो भाव सांगतो, तो कागद बघून सांगितलेल्या भावाच्या जवळपासही नसतो.

मग भाव येतो कुठून? व्यापारात 1978 पासून मार्टिन रॅपापोर्ट यांची यादी संदर्भाला धरतात. दर आठवड्याला निघते, आकडे दर कॅरेटला शेकडो डॉलरमध्ये. ही यादी सरकारी भाव नव्हे आणि प्रत्यक्ष सौद्यांची नोंदही नव्हे. ते वरचे, मागितले जाणारे भाव असतात. सौदा ठरतो तो ‘रॅपपेक्षा इतके टक्के खाली’ असा, आणि ते टक्के घाट, छटा, चमक, त्या आठवड्याची मागणी आणि रोख की उधार यांवर बदलतात. मोबाइलवर ती यादी दाखवून ‘बघा, आम्ही रॅपच्याही खाली देतोय’ असं कुणी म्हणालं, तर त्यात विशेष काही नाही. बहुतेक माल रॅपच्या खालीच विकला जातो.

कागद आणि खडा एकमेकांचेच आहेत ना, हेही तपासावं लागतं. अहवालाचा क्रमांक खड्याच्या कमरेवर (सर्वांत रुंद कडेवर) लेसरने कोरलेला असू शकतो, आणि तो संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. पण निसर्गातल्या हिऱ्याचा क्रमांक लॅबच्या हिऱ्यावर कोरल्याची प्रकरणं प्रयोगशाळांनीच उघडकीला आणली आहेत. म्हणून क्रमांकाबरोबर वजन आणि मिलिमीटरची मापंही जुळवून घ्यावीत. मापं दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत लिहिलेली असतात, त्यामुळे दुसरा खडा तिथे सहसा टिकत नाही.

‘लॅबचा हिरा म्हणजे काच’

हे साफ खोटं आहे. काच किंवा अमेरिकन डायमंड हे वेगळे पदार्थ. लॅबचा हिरा कार्बनचाच, त्याच स्फटिकरचनेचा. कठीणपणा, घनता, अपवर्तनांक सगळं तेच. 1954 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांनी प्रचंड दाब आणि उष्णता देऊन तो बनवून दाखवला. आज दुसरी पद्धतही तितकीच रुळली आहे: हिऱ्याच्या पातळ चकतीवर वायूतला कार्बन थरावर थर चढवत जायचं. सुरतेत अशा यंत्रांचे कारखाने उभे आहेत. लूपने दोन्ही हिरे वेगळे ओळखता येतात असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. त्याला वाढीच्या खुणा आणि वर्णपट वाचणारी उपकरणं लागतात.

मात्र याच मजकुराच्या उलट बाजूचाही एक मजकूर फिरतो: ‘दोन्ही सारखेच, मग जास्त पैसे का द्या, लॅबचाच घ्या, मोलही तेवढंच राहील’. त्यातला शेवटचा तुकडा चुकीचा. पदार्थ सारखा असला तरी किंमत पुरवठ्यावर ठरते, आणि यंत्रं वाढवली की पुरवठा वाढतो. डी बीअर्स या हिऱ्यांच्या बड्या कंपनीने 2018 मध्ये लाइटबॉक्स नावाने लॅबचे हिरे कॅरेटला 800 डॉलरने आणले, तेव्हा तो भाव धक्कादायक कमी वाटला होता. पुढे घाऊक बाजार त्याच्याही कितीतरी खाली गेला, आणि 2025 मध्ये कंपनीने तो ब्रँडच बंद करायचं ठरवलं. त्याच वर्षी जीआयएने लॅबच्या हिऱ्यांना डी ते झेड आणि एफएल ते आय ही श्रेणी देणं थांबवून ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोनच शेरे ठेवले. कारण बहुतेक खडे वरच्या एका अरुंद पट्ट्यातच बसत होते; जिथे सगळेच वरचे, तिथे दुर्मीळता मोजणार कशी?

हौसेने घालायला, मोठा खडा परवडावा म्हणून लॅबचा हिरा घेतला तर त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त तो लॅबचा म्हणून, लॅबच्या भावाने घ्यावा.

‘हिऱ्याचा भाव कधी उतरत नाही’

उतरतो. 2022 च्या सुरुवातीला निसर्गातल्या हिऱ्यांचे भाव वर गेले होते, त्यानंतर ते ठळकपणे घसरले. पूर्वी कच्च्या मालाचा बहुतांश पुरवठा डी बीअर्सच्या हातात होता आणि मागणी घटली की माल रोखून भाव सावरला जाई. ती मक्तेदारी कधीच संपली. ‘हिरा चिरंतन’ या अर्थाचं जे वाक्य आपल्या मनात घर करून बसलं आहे, ते 1947 मध्ये त्याच कंपनीच्या जाहिरातीसाठी फ्रान्सिस गेरेटी यांनी लिहिलं. तो खड्याच्या टिकाऊपणाचा गौरव होता, भावाची हमी नव्हती.

आणि भाव स्थिर राहिला तरी विकणाऱ्याला तो मिळत नाही, हे जास्त महत्त्वाचं. सोन्याचा एक ग्रॅम दुसऱ्या ग्रॅमसारखाच असतो, म्हणून रोज सकाळी एक भाव निघतो आणि मोडताना थोडीच घट सोसावी लागते. हिऱ्याचे दोन खडे सारखे नसतात, प्रत्येक वेळी बघून भाव करावा लागतो. तुम्ही दिलेल्या पैशांत घाऊक किंमत, पेढीचा नफा, घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी होता. विकायला जाता तेव्हा समोरचा व्यापारी असतो. त्याला तसाच खडा घाऊक बाजारात, तोही उधारीवर मिळतो. मग तुम्हाला रोख देताना तो घाऊकपेक्षा कमीच देणार. यात लबाडी असेलच असं नाही, व्यापाराची रीतच ती.

म्हणून परत घेण्याच्या अटी खरेदीच्या वेळीच बिलावर लिहून घ्याव्यात, तोंडी आश्वासनावर राहू नये. परत देताना रोख मिळणार की फक्त अदलाबदल, हे आधी विचारा. दोन्हींचे टक्के बहुधा वेगळे असतात. ते टक्के बिलाच्या रकमेवर धरणार की त्या दिवशीच्या भावावर, हेही ठरवून घ्या, कारण भाव उतरलेला असेल तर सगळा फरक इथेच पडतो. घडणावळ आणि कर त्यात धरलेले नसतात. लॅबच्या हिऱ्याला तीच अट लागू आहे का, हे वेगळं विचारा. आणि बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, खड्यांची संख्या, त्यांचं एकूण कॅरेट, रंग-शुद्धता, निसर्गातला की लॅबचा, आणि असेल तर अहवालाचा क्रमांक, हे सगळं सुटं लिहिलेलं असावं. ‘डायमंड रिंग, एक नग’ एवढंच लिहिलेलं बिल घेऊन दुकानाबाहेर पडू नका.